आधी सोडा गार करा: फ्लोट आणि सोड्यावरच्या इतर थंड पदार्थांविषयी

प्रश्न असा आहे. बडोद्यात दांडियाबाजारजवळच्या एका सोसायटीत गणपतीच्या दिवसांत आनंदमेळा भरतो आणि तिथे दोघी जावांना आइस्क्रीम फ्लोटचा, म्हणजे गार सोड्यात आइस्क्रीमचा गोळा तरंगत सोडलेल्या पेल्यांचा, स्टॉल लावायचा आहे. घरी करून बघितलं तेव्हा फेस उतू गेला, लिंबू सोड्यात आइस्क्रीमच्या बारीक गुठळ्या झाल्या आणि ओठाला लावेपर्यंत सोड्यातला जोर संपला. आइस्क्रीम कोणतं घ्यावं, सोडा कोणता, पेल्यात आधी काय घालावं, शंभर पेल्यांचा हिशेब कसा धरावा आणि सोड्यावरचं आणखी काय ठेवता येईल, असं त्यांनी विचारलं आहे.

मी आणंदच्या डेअरी कॉलेजात शिकले आणि तेव्हापासून बडोद्यात आइस्क्रीम आणि सोड्याचंच काम करते. त्या जोरावर सांगते: तुमच्या तीन तक्रारींपैकी दोन एकाच कारणानं आल्या आहेत. सोडा पुरेसा गार नव्हता. 'फ्रिजमधून काढला होता' एवढं पुरत नाही. फ्रिजच्या दारातली बाटली बहुतेक वेळा आठ-दहा अंशांवर असते. ती ओट्यावर ठेवून आपण पेले काढतो, आइस्क्रीमचा डबा उघडतो, तोवर ती आणखी चढते. फ्लोटला सोडा दोन ते चार अंशांवर हवा.

याचं कारण वायूच्या स्वभावात आहे. सोड्यात कार्बन डायऑक्साइड दाबानं विरघळवलेला असतो. बाटलीतल्या एक लिटर सोड्यात साधारण साडेतीन ते चार लिटर वायू कोंबलेला असतो. झाकण उघडलं की दाब गेला, आणि मग पाणी किती वायू धरून ठेवील हे त्याच्या तापमानावर ठरतं. शून्य अंशाचं एक लिटर पाणी नेहमीच्या हवेच्या दाबाला साधारण १.७ लिटर वायू धरतं. तेच पाणी तीस अंशांवर गेलं की ०.७ लिटरही धरू शकत नाही. म्हणजे कोमट सोड्यातला बहुतेक सगळा वायू बाहेर पडायच्या तयारीत असतो, आणि आइस्क्रीमचा गोळा त्याला वाट करून देतो.

बुडबुड्याला जन्मायला खडबडीत जागा लागते. आइस्क्रीमचा पृष्ठभाग म्हणजे बर्फाचे बारीक स्फटिक आणि हवेची भोकं, त्यामुळे वायूला अशा हजारो जागा एकदम मिळतात. साध्या पाण्यात हे बुडबुडे वर येऊन फुटले असते. इथे दुधातली प्रथिनं, स्निग्धांश आणि आइस्क्रीमला घट्टपणा देणारा गवार गमसारखा डिंक त्यांच्याभोवती पापुद्रा धरतात, म्हणून फेस टिकतो आणि चढत जातो. तो फेस वाईट नाही, फ्लोटची अर्धी गंमत तीच आहे. पण सगळा वायू पहिल्या दहा सेकंदांत फेसात गेला तर खाली गोड पाणी उरतं. तुमचा ओटा भिजला आणि सोडा बेचव लागला, या दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या त्या अशा.

सोडा तीन अंशांवर असेल आणि आइस्क्रीम चांगलं कडक असेल तर वेगळंच घडतं. गोळा सोड्यात उतरताच त्याच्या भोवतीचा सोडा गोठून पातळ कुरकुरीत कवच तयार होतं. त्या कवचामुळे आतलं आइस्क्रीम सावकाश विरघळतं आणि फेस हळूहळू येत राहतो. चमच्यानं ते कवच मोडून खाल्लेला पहिला घास मला फ्लोटमधला सर्वांत आवडता.

आता आइस्क्रीम. साधं व्हॅनिला घ्या, पण डब्यावरचं वाचून घ्या. 'आइस्क्रीम' म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात दुधाचा स्निग्धांश कमीत कमी १० टक्के आणि एका लिटरचं वजन कमीत कमी ५२५ ग्रॅम असावं, असा आपल्याकडचा अन्नसुरक्षेचा नियम आहे. ५२५ ग्रॅमच्या लिटरमध्ये निम्मी जागा हवेची असते. डब्यावर मिलिलिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात. भागाकार करा आणि लिटरमागे ग्रॅम जास्त असलेला डबा उचला. हवा कमी म्हणजे फेस आटोक्यात आणि गोळा जास्त वेळ टिकणारा. 'फ्रोझन डेझर्ट' असं लिहिलेलं असेल तर त्यात वनस्पती तेल असतं. नुसतं खाताना फरक कळला नाही तरी गार सोड्याबरोबर ते टाळूला चिकटून राहतं असा माझा अनुभव आहे, म्हणून मी ते फ्लोटला वापरत नाही. बडोद्यात अजून संच्याचं, म्हणजे लाकडी पिंपात मीठ-बर्फ भरून हातानं फिरवलेलं आइस्क्रीम मिळतं. त्यात हवा कमी असते आणि फ्लोटला ते फार छान लागतं. फक्त ते लवकर मऊ पडतं, त्यामुळे गर्दीच्या स्टॉलवर त्याचा भरवसा धरू नका.

मेळ्यासाठी एक गोष्ट आवर्जून करा. आदल्या दिवशीच गोळे काढून ठेवा. ताटात बटर पेपर घालायचा, त्यावर साधारण ५० ग्रॅमचे गोळे सुटे सुटे मांडायचे, वरून झाकायचे आणि डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर रात्रभर ठेवायचे. डब्यातून स्कूप काढायला आइस्क्रीम उणे बारा-चौदा अंशांपर्यंत मऊ करावं लागतं. गोळे आधीच काढलेले असले की ती अडचण राहत नाही, रांग भराभर पुढे सरकते आणि शेवटच्या पेल्यातला गोळाही पहिल्याइतकाच कडक राहतो. तुमचा आइस्क्रीमवाला अनामत घेऊन मेळ्यापुरता फ्रीझर देतो का ते विचारा. नाहीच जमलं तर जाड थर्माकोलच्या पेटीत तीन भाग बर्फाला एक भाग जाडं मीठ घाला. नीट मिसळलेला मीठ-बर्फ उणे पंधरा अंशांच्याही खाली जातो. गोळ्यांचे डबे घट्ट झाकणाचे हवेत, खारं पाणी आत शिरलं तर सगळं वाया जाईल. आणि या मीठ-बर्फात सोड्याच्या बाटल्या मात्र खोचू नका. सोडा गोठला की त्यातलं पाणी सुमारे नऊ टक्के फुगतं, शिवाय बर्फात वायू राहत नाही, तो सगळा उरलेल्या जागेत दाब वाढवतो. काचेची बाटली फुटते आणि तिचे तुकडे लांबवर उडतात. घरच्या फ्रीझरलाही हाच नियम.

गुठळ्यांचं कारण वेगळं आहे. दुधाचा सामू, म्हणजे पीएच (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त), ६.६च्या आसपास असतो. तो ४.६पर्यंत उतरला की केसीन हे दुधातलं मुख्य प्रथिन एकमेकांना चिकटून खाली बसतं. आपण दूध फाडून पनीर करतो ते हेच. लिंबाचा रस २ ते ३च्या दरम्यान असतो, कोलाही अडीचच्या आसपास. मग कोला फ्लोट लगेच का फाटत नाही? आइस्क्रीम गार असतं, त्यातले डिंक प्रथिनांना धरून ठेवतात आणि विरघळलेलं दूध सुरुवातीला थोडंच असतं. तरी दहा मिनिटं तसाच ठेवला तर कोलाच्या फ्लोटमध्येही तपकिरी चुरा दिसायला लागतो. तो काही अपायकारक नाही, पण दिसायला वाईट. म्हणून कोला फ्लोट हातात दिला की लगेच संपवायचा पदार्थ आहे. लिंबू सोड्यात मात्र ताजा रस भरपूर असतो आणि वर मीठही, तिथे गुठळी अटळ. लिंबाचा आग्रहच असेल तर दुधाच्या आइस्क्रीमऐवजी सॉर्बेचा, म्हणजे नुसता फळांचा गोड रस गोठवून केलेला, गोळा घाला. त्यात दूधच नाही, फाटणार काय?

माझा स्पष्ट सल्ला असा की तयार गोड पेयांपेक्षा साधा सोडा घ्या आणि गोडी घरच्या पाकानं आणा. साध्या सोड्यालाही सौम्य आंबटपणा असतो, पण तो इतका दुबळा की दूध त्याला सहज पेलतं, गुठळी होत नाही. गोडी तुमच्या हातात राहते, खर्च कमी होतो आणि चव बाजारातल्या बाटलीसारखी एकसुरी होत नाही. मूळ पद्धतही हीच होती. आइस्क्रीम सोड्याचं श्रेय बहुतेक वेळा रॉबर्ट ग्रीन या अमेरिकी माणसाला देतात. १८७४ साली फिलाडेल्फियात फ्रँकलिन इन्स्टिट्यूटच्या प्रदर्शनात तो सोडा विकत होता. त्या श्रेयावर दावा सांगणारे आणखीही होते, पण सगळ्यांच्या पेल्यात होतं ते पाक, मशीनचा सोडा आणि आइस्क्रीम. आपल्या गुजरातेतही ही जोडी जुनी आहे. अहमदाबादच्या वाडीलालची सुरुवात १९०७ साली सोडा फाउंटन म्हणूनच झाली, आइस्क्रीम नंतर आलं. नवरात्रात रात्री गरबा सुटल्यावर बडोद्यातल्या सोड्याच्या दुकानांपुढे जी गर्दी उसळते ती पाहिली की या गावाला सोडा किती प्रिय आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

पाक कसले? आंबट नसलेले सुगंध शोधा. माझी पहिली पसंती वरियाळीला. शंभर ग्रॅम बडीशेप रात्रभर भिजवा, वाटा, दुहेरी फडक्यातून गाळा आणि त्या पाण्यात समान वजनाची साखर विरघळवा. उकळी आली की बंद, जास्त आटवलं तर वास उडतो. वाळ्याचं सरबत तितकंच चांगलं, गुलाबही चालतो. वाळा आणि व्हॅनिला एकत्र आले की जी गार, मातकट चव लागते ती मला तरी कुठल्याच बाटलीबंद पेयात मिळाली नाही. कॉफीचा दाट अर्क घातलेला फ्लोट मोठी माणसं आवडीनं घेतात. आल्याचा पाक करणार असाल तर रस साखरेबरोबर चांगला उकळून घ्या. कच्च्या आल्यात दूध साकळवणारं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं, उकळल्यावर ते निकामी होतं. ताज्या अननसाचंही तसंच, त्यातल्या विकरानं दूध कडवट होतं. तेव्हा अननसही शिजवूनच. तयार बाटलीच हवी असेल तर सुरतेची सोस्यो घेऊन बघा, तिची द्राक्षासारखी चव व्हॅनिलाशी जमते. बाजारात 'आइस्क्रीम सोडा' नावानं मिळणारी बाटली म्हणजे नुसता व्हॅनिलाच्या वासाचा गोड सोडा. त्यात गोळा घातला तर छानच, पण मग वेगळा पाक घालू नका, फार गोड होतं.

पेला भरायची पद्धत अशी. तीनशे मिलिलिटरचा उंच पेला थंड पाण्यानं विसळून ओलाच ठेवा. फडक्यानं पुसलात तर सुताचे तंतू काचेला चिकटतात आणि प्रत्येक तंतूवर बुडबुडे सुटतात. तळाला २५ मिलिलिटर पाक. पेला तिरका धरून कडेनं शंभर मिलिलिटर सोडा ओता आणि लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच हळू फिरवा. मग गोळा, वरून टाकायचा नाही, चमच्यानं पृष्ठभागावर अलगद उतरवायचा. फेस वर येईल. तो बसायला वीसेक सेकंद द्या आणि मग उरलेला पन्नास मिलिलिटर सोडा गोळ्यावर नाही, कडेनं घाला. गोळा आधी आणि सोडा नंतर हा क्रम घरी दोन पेल्यांना चालतो. धार थेट आइस्क्रीमवर पडते, फेस उंच येतो, मुलांना मजा वाटते. स्टॉलवर तो क्रम घेतलात तर टेबल, हात, नोटा सगळं चिकट होईल. दोघी आहात तर एकीनं पाक आणि सोडा बघावा, दुसरीनं गोळा, वरचा सोडा आणि पैसे. ज्या हातानं पैसे घ्याल त्याच हातानं गोळ्याच्या डब्यात चमचा घालू नका. म्हणून शक्य असेल तर घरातला तिसरा माणूस गल्ल्यावर बसवा.

शंभर पेल्यांचा हिशेब. गोळे पन्नास ग्रॅमचे म्हणजे पाच किलो, लिटरच्या मापात नऊ-साडेनऊ. नासधूस धरून दहा लिटर आइस्क्रीम घ्या. पाकाला १.६ किलो साखर आणि तितकंच पाणी पुरतं, अडीच लिटरच्या वर पाक होतो. सोडा पंधरा लिटर लागेल, अठरा ठेवा. पण दोन लिटरच्या बाटल्या नकोत. मोठी बाटली उघडल्यावर जितकी रिकामी होते तितका वायू वरच्या जागेत निघून जातो. ७५० मिलिलिटरच्या चोवीस बाटल्या आणा, एका बाटलीत पाच पेले होतात आणि ती तीन-चार मिनिटांत संपते. अठरा लिटर सोडा तीस अंशांवरून तीनवर आणायला सहा किलोच्या आसपास बर्फ वितळावा लागतो, हा झाला कागदावरचा हिशेब. मांडवातली हवा, उघडझाक आणि तीन-चार तास धरून पंधरा किलो बर्फ ठेवा. टबात नुसता बर्फ नको, त्यात पाणी घाला. बर्फाचे खडे बाटलीला चार ठिकाणीच टेकतात, पाणी सगळीकडून बिलगतं. दुकान उघडायच्या तासभर आधी बाटल्या बुडवा, गळ्यापर्यंत.

बर्फ कुठला हेही बघा. मासळी वगैरे टिकवायला वापरायच्या अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आहे. पण पांढरा दिसला म्हणजे पिण्याच्या पाण्याचाच, असं समजू नका. टबातला बर्फ पेल्यात कधीच घालायचा नाही. फ्लोटमध्ये तसाही बर्फ लागत नाही, बर्फ घातला की सोडा पातळ होतो आणि वायू आणखी पळतो. खाण्यापिण्यात बर्फ लागलाच तर तो घरच्या गाळलेल्या पाण्याचा किंवा पाकीटबंद घ्या. एकदाच वापरून टाकायचे प्लास्टिकचे पेले, चमचे आणि स्ट्रॉ १ जुलै २०२२पासून बंद आहेत. केटरिंगवाल्याकडून काचेचे किंवा स्टीलचे उंच पेले भाड्यानं आणा आणि लाकडी चमचे ठेवा. कागदी स्ट्रॉ सोड्यात फार टिकत नाही, फ्लोट चमच्यानं खावा आणि उरलेला ओठ लावून प्यावा हेच बरं. तात्पुरत्या स्टॉललाही अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते. मंडळानं ती घेतली आहे का ते आधीच विचारून ठेवा.

फ्लोटच्या जोडीला काय? मी दोनच गोष्टी सुचवीन. पहिली, कोकमाचा खिसलेला बर्फ आणि वर सोडा. कोकम सरबत नेहमीपेक्षा थोडं गोड करा, शंभर मिलिलिटरला सोळा ग्रॅम साखर या हिशेबानं. त्याहून कमी साखरेत ते दगडासारखं गोठतं आणि फार जास्तीत गोठतच नाही. जिऱ्याची पूड आणि काळं मीठ आताच घाला. पसरट डब्यात फ्रीझरला ठेवून दर पाऊण तासानं काट्यानं खरवडा, चार-पाच वेळा. भुरभुरीत लाल बर्फ होतो. पेला त्यानं अर्धा भरायचा आणि खाणाऱ्याच्या समोर गार सोडा ओतायचा. मीठ आधी घालायचं कारण असं की सोड्यात वरून मीठ टाकलं की त्याच्या कणांवर वायू सुटतो आणि पेला उसळतो. मसाला सोडावाला मीठ टाकून तो उसळताच ग्राहकाच्या हातात देतो, तो खेळ निराळा. इथे आपल्याला वायू टिकवायचा आहे. हाच प्रकार उन्हाळ्यात पन्ह्याचा करावा, आणि काळ्या खट्ट्याचा तर मुलांना हवाच असतो. सोडा मिक्सरमध्ये घालून स्लश करण्याच्या भरीस पडू नका, पात्याच्या पहिल्या फेऱ्यातच वायू जातो. सोडा गोठवून कांड्या करण्यातही अर्थ नाही. बर्फात वायू विरघळून राहत नाही, शिवाय गार जिभेला गोडी कमी कळते, म्हणून कांडी फिकी आणि मेलेली लागते.

दुसरी गोष्ट मलई कुल्फीची. आटवलेल्या दुधाच्या कुल्फीत हवा जवळजवळ नसतेच, त्यामुळे ती आइस्क्रीमसारखी तरंगत नाही, तळाकडे जाते. फेसही कमी येतो. वाळ्याचा पाक, साधा सोडा आणि कुल्फीचे तीन-चार जाड काप, एवढंच. काप आधी, सोडा वरून, इथे तो क्रम चालतो. पिता पिता कुल्फी विरघळत जाते आणि शेवटचे घोट दाट होतात. हा पदार्थ वयस्कर मंडळींना जास्त आवडतो, किंमत थोडी वाढवली तरी घेतात.

धूर निघणाऱ्या पेल्यांचे व्हिडिओ पाहून कोणी कोरडा बर्फ आणायचं सुचवेल. नाही म्हणा. तो उणे ७८ अंशांचा असतो, तोंडात किंवा पोटात तुकडा गेला तर गंभीर जखम होते, आणि झाकणबंद भांड्यात ठेवला तर वायूच्या दाबानं भांडं फुटतं. मुलांच्या मेळ्यात त्याला जागा नाही. मधुमेह असलेल्यांना पाकाशिवाय, नुसत्या सोड्यात गोळा घालून दिला तरी साखर निम्म्याच्या आसपास येते. पाकाच्या पेल्यात पाकाची पंधरा आणि आइस्क्रीमची दहाबारा ग्रॅम मिळून पंचवीसच्या वर जाते. विचारणाऱ्याला हा आकडा खरा सांगा.

मेळा संपल्यावर कडक राहिलेले, न उघडलेल्या डब्यातले गोळे घरी नेता येतील. मऊ पडलेलं, कडेनं वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवू नका. बर्फाचे मोठे खडे होऊन ते करकरीत लागतं, आणि वितळलेल्या दुधात मांडवाच्या उष्ण, दमट हवेत जंतू वाढलेले असू शकतात. गोठवल्यानं ते मरत नाहीत. ते टाकूनच द्या. पाक मात्र स्वच्छ बाटलीत, फ्रिजमध्ये आठवडाभर राहील.